संसारी, बैरागी आणि ओल्या मालाचा कडता

ज्या माणसानं स्वतःचं लग्न एका बोकडाच्या वजनावर सोपवलं होतं, तो चार वर्षं माझा घरमालक होता.

परवा फोनवर धाकटी नात म्हणाली, "आजी, आम्ही प्रयोगशाळेत नर माश्या किती दिवस जगतात ते बघतो. ज्यांना माद्या भेटतात, ते लवकर मरतात." ती फार गांभीर्यानं सांगत होती आणि मला इकडे हसू आवरेना. तिला वाटलं, आजी लाजली. लाजायचं काय त्यात? मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. हाच शोध सत्तरच्या दशकात परतूरच्या एका अंगणात, कडुलिंबाच्या झाडाखाली लागलेला मी पाहिला आहे. तो कसा लागला आणि पुढं त्याचं काय झालं, ते तुम्हा दोघा नातवंडांसाठी नीट लिहून ठेवते.

मी औरंगाबादला बी.एस्सी. झाले आणि परतूरच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवायला आले. वय चोवीस. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमच्याच बौद्ध समाजाची वस्ती होती. तिथं दोन खोल्या मिळाल्या. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका उंच, वाळक्या माणसानं मान उजवीकडे कलती करून मला पाहिलं आणि आत हाक मारली, "आक्का, बाई आल्या. बेचाळीस किलो. ट्रंक धरून एकूणसाठ."

त्याचं नाव मला पुढं कळलं, पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे त्याला मापाडी म्हणत. परतूरच्या बाजारात कापूस आणि धान्य तोलायचं काम तो करी. शेतकऱ्याचा व्यापाऱ्यावर विश्वास नाही, व्यापाऱ्याचा शेतकऱ्यावर नाही. दोघांच्या मध्ये काट्यापाशी उभा राहून जो वजन मोठ्यानं पुकारतो, तो मापाडी. त्यानं पुकारलं की विषय संपला. वीस वर्षांत त्याच्या मापावर कुणी हरकत घेतली नव्हती, आणि ही गोष्ट तो महिन्यातून एकदा तरी ऐकवायचा.

त्याच्या धंद्यातले दोन शब्द तुम्हाला माहीत असायला हवेत. मालासकट पोतं तोललं की पोत्याचं वजन वजा करतात, तो बारदाना. आणि कापूस ओला असला की पाण्यापोटी आणखी किलो-दोन किलो कमी धरतात, तो कडता. ह्या दोन शब्दांवर मापाड्याचं सगळं जग चालायचं. गावात कुणाचं मोठं भाषण झालं की लोक विचारत, "कसं वाटलं, मापाडी?" तो म्हणे, "बारदाना काढला तर पावशेर भरंल." आमचे मुख्याध्यापक कोट घालून एकदा घरी आले. ते गेल्यावर हा म्हणाला, "माणूस बराबर हाय, पण दहा किलो कोटाचे." मोजताना तो कधी एकपासून सुरुवात करत नसे. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. ताटातल्या भाकरीसुद्धा तो तशाच मोजायचा. लाभ, दोन. तिसरी आक्का वाढू लागली की तो हात आडवा धरी.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, ठेंगणी, आवाज अख्ख्या वस्तीला पुरेल एवढा. तिच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती, भावाचं लग्न. तो बेचाळीस वर्षांचा होता आणि लग्न करत नव्हता. गरीब म्हणून नाही, कुणी मुलगी देत नव्हतं म्हणूनही नाही. त्याच्याकडे पुरावा होता.

पुरावा घराच्या मागं बांधलेला असे. एकाच शेळीच्या पोटी एकाच दिवशी झालेले दोन उस्मानाबादी बोकड, काळे कुळकुळीत. त्यातला एक त्यानं पैदाशीसाठी ठेवला होता आणि दुसरा लहानपणीच खस्सी करून घेतला होता. पहिल्याचं नाव संसारी, दुसऱ्याचं बैरागी. दर आठवड्याला बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी तो दोघांना तोलायचा. कडुलिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात पोत्याच्या झोळीत बोकड, दुसऱ्या पारड्यात तसंच एक रिकामं पोतं आणि वर लोखंडी वजनं. म्हणजे बारदाना आपोआप फिटला. मग तो कोळसा घेऊन मागच्या चुन्याच्या भिंतीवर आकडे लिहायचा. डाव्या बाजूला संसारी, उजव्या बाजूला बैरागी.

खरं सांगते, मी पहिल्यांदा ती भिंत वाचली तेव्हा मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. सख्खे जुळे भाऊ, फरक फक्त एकाच गोष्टीचा. माझ्या कॉलेजात याहून वाईट प्रयोग झाले होते.

भिंत असं सांगत होती: मृग लागायच्या आधी दोघंही अठ्ठेचाळीस किलो. पावसाळा सुरू झाला की आसपासच्या खेड्यांतून लोक आपापल्या शेळ्या घेऊन येऊ लागत. तिथून संसारीचा आकडा उतरू लागे आणि बैराग्याचा चढू लागे. शेळीवाला मोबदला म्हणून चाऱ्याची पेंढी आणायचा. संसारीचं त्या दिवसांत खाण्याकडे लक्षच नसे. तो वरचा ओठ मुडपून हवा हुंगत उभा राही, स्वतःच्या दाढीवर स्वतःच मुतून घेई (तुम्ही हसाल, पण माद्यांना ते आवडतं, हे शास्त्र आहे), समोर दुसरा बोकड नसला तर भिंतीला धडका देई आणि रात्रंदिवस खाकरत राही. त्याच्या कमाईची पेंढी शांतपणे कोण खाई? बैरागी.

"बगा बाई," मापाडी म्हणे, "कष्ट याचे, खाणं त्याचं. नराचा धंदा सगळा घाट्याचा. मादीला पिल्लू भेटतं. शेळीवाल्याला दूध भेटतं. नराला काय भेटतं? वास."

वास मात्र खरोखरच होता. पावसाळ्यात माझ्या साड्या वाळत घालायला मी शाळेच्या व्हरांड्यात नेत असे.

एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "बाई, तुमच्या पुस्तकात नराबद्दल काय लिव्हलंय?" आता हा प्रश्न शिक्षिकेला विचारायचाच नसतो. मी कंदील पुढं ओढून नीट क्रमानं सांगितलं. मधमाशीतला नर राणीशी एकदा जमला की जागीच मरतो. काही जातींच्या कोळ्यांत मादी मोठी आणि नर एवढासा, काम झालं की ती त्यालाच खाते. मोराला पिसाऱ्यामुळं पळता येत नाही आणि तो कोल्ह्याच्या तोंडी पडतो. सांबर शिंगांची झुंज खेळतं आणि कधीकधी त्यातच मरतं. तो मान कलती करून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "काम व्हायच्या आधी खाते का नंतर?"

"कधी कधी चालू असतानाच."

"बिलकुल बराबर," तो म्हणाला आणि त्या रात्री तीन भाकरी जेवला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या बाजारात पोहोचली होती. संध्याकाळी आक्का हातात लाटणं घेऊन माझ्या दारात.

"बाई, तुमी त्याला त्या कोळ्याचं कामून सांगितलं?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"तो इचारंल काय बी! बारा वर्षं मी त्याच्यासाठी पोरी बघून राह्यले. कशीबशी गाडी रुळावर येत होती, अन् तुमी त्याला कोळीण दाखवली!"

मी माफी मागितली. पण पुस्तकात होतं ते खोटं कसं सांगणार?

वस्तीत कुणाचं लग्न ठरलं की मापाडी हळदीच्या आधी नवरदेवाला पारड्यात बसवायचा आणि महिन्याभरानं पुन्हा. पोरं हौसेनं बसायची. गंमत म्हणजे महिन्याभरानं सगळ्यांचं वजन वाढलेलं असायचं. एक जण तर चक्क तीन किलोंनी वाढला. मी मुद्दाम म्हटलं, "मापाडी, हे तुमच्या बोकडाच्या उलट झालं."

"उलट कुठं?" तो म्हणाला. "आमरसाचे दिवस हायेत. सासरी जेवून आल्ता. ते तीन किलो आमरसाचं हाय. बारदाना हाय तो, माल न्हाई."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जो आकडा पटत नाही तो बारदान्यात टाकायचा, ही खोड मी पुढं मोठमोठ्या विद्वानांत पाहिली.

तो असा का, हे मला एकदाच कळलं, तेही त्यानं सहज सांगितलं म्हणून. त्याचा बाप त्याच बाजारात हमाल होता. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन फळी चढायचा. घरात आठ लेकरं. आधी लेकरं जेवायची, मग बायको, मग तो. "मी चौदा वर्षांचा व्हतो तेव्हा बाप गेला," मापाडी म्हणाला. "मी तिरडीला खांदा दिला. बाई, मला वाटलं रिकामं बारदान उचललंय. बापात मालच न्हवता ऱ्हायला." एवढं सांगून तो उठला आणि संसारीला पाणी पाजायला गेला. तो गेल्यावर मला भिंतीवरचे आकडे थोडे वेगळे दिसू लागले.

मग नर्सबाई आल्या.

सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. वय चौतीस-पस्तीस, लग्नानंतर वर्षभरात नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सायकलवरून वस्त्यांमधून फिरून बाळंतपणं करायच्या, बाळांची वजनं घ्यायच्या. त्यांच्याकडे एक स्प्रिंगचा काटा होता. त्याला कापडाची झोळी अडकवायची आणि झोळीत बाळ. पण गावातली सगळीच बाळं हलकी भरू लागली आणि डॉक्टर त्यांना बोलू लागले. तेव्हा त्या काटा घेऊन थेट मापाड्याच्या अंगणात आल्या.

त्यानं त्यांच्या काट्याला आपली तपासलेली वजनं एकेक करून लटकवली. "लाभ... दोन... तीन..." मग म्हणाला, "काटा खोटा न्हाई. थकलाय. अडीचशे ग्रॅम कमी दाखवतो."

"म्हंजे माझी बाळं बराबर हायेत?"

"बराबर हायेत. झोळी कोरडी तोलून घेता का वली?"

"बाळ मुतलं की झोळी बदलते अन् नवी पुन्हा तोलते," नर्सबाई म्हणाल्या. "मी काय येडी हाय का?"

मापाड्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला कुणाकडेच पाहताना बघितलं नव्हतं. मग त्यानं त्यांना आपली भिंत दाखवली. ही त्याची सगळ्यात मोठी खुशामत होती.

नर्सबाईंनी सगळे आकडे वाचले. आक्का आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. "ह्याच्यात पिल्लं कुठं लिव्हलीत?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुणाची पिल्लं?"

"ह्याची. संसारीची. बैराग्याच्या बाजूला चरबी लिव्हली, तर ह्याच्या बाजूला पिल्लं नको का लिव्हायला?"

"पिल्लं शेळीवाल्याची. ह्याची कुठं?"

"अस्सं! म्हंजे गावातली सगळी बाळं माझ्या रजिस्टराची. बापाचा काय संबंध!"

खिडकीत आक्कानं माझा दंड एवढ्या जोरात दाबला की दोन दिवस काळानिळा होता.

त्यानंतर तो काटा फार वेळा थकू लागला. पंधरा दिवसांतून एकदा तरी नर्सबाई तपासून घ्यायला येत. आक्कानं दोन महिने कळ काढली आणि भाद्रपदात एका दुपारी दवाखान्यात जाऊन सरळ विचारलं. नर्सबाईंनीही सरळ उत्तर दिलं, "मला चालंल. पण मी त्यांच्या भिंतीकडं बघत म्हातारी व्हणार न्हाई. अंबडचं एक स्थळ आलंय, बिजवर मास्तर, दोन लेकरं. त्यांना दिवाळीपस्तोर उत्तर द्यायचंय."

आक्का घरी येऊन भावासमोर उभी राहिली. "बोल. आता तरी बोल, मेल्या."

त्या दिवसांत संसारी एक्केचाळीसवर आला होता आणि बैरागी त्रेपन्नवर. मापाडी उठला, भिंतीपाशी गेला, बोटानं वरचा अठ्ठेचाळीसचा आकडा दाखवला.

"मोसम आता सरून राह्यला. दिवाळीच्या पाडव्याला संसारी पुन्हा अठ्ठेचाळीस भरला, म्हंजे जे गेलं ते परत येतं, तर मी लग्नाला उभा ऱ्हातो. न्हाई भरला, तर आक्का, मला जिंदगीत पुन्हा इचारायचं न्हाई."

"अरे, बोकडाला बघून कुणी लग्न करतं का?"

"मापाला बघून करतो," तो म्हणाला.

नर्सबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक हाय. पाडव्याला मी येते. वजन मला बी वाचता येतं."

पुढचा सव्वा महिना आक्कानं संसारीची जी सेवा केली, ती कुठल्या जावयाचीही झाली नसेल. सरकी, हरभऱ्याचा भुस्सा, बाभळीच्या शेंगा, गुळाचं पाणी. शेळीवाले आले की ती हातात काठी घेऊन दारातूनच परतवायची, "बंद हाय. तब्येत बरी न्हाई त्याची." मी शाळेतून येताना ज्वारीची हिरवी ताटं आणायची. कोळ्याचं पाप माझ्या माथी होतंच. आकडा चढू लागला. त्रेचाळीस. साडेचव्वेचाळीस. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात सेहेचाळीस. मापाडी तोलताना चेहऱ्यावर काही दाखवत नसे, पण त्या दिवसांत तो एकच भाकरी खायचा. लाभ, आणि हात आडवा.

पाडव्याच्या सकाळी आक्काला वाटलं, नर्सबाई येणार आणि हा असा घाणेरडा वास. तिनं पहाटेच उठून संसारीला साबण लावून न्हाऊ घातलं. दोन बादल्या पाणी ओतलं. बोकड चमकत होता आणि थरथरत होता.

अंगणात अख्खी वस्ती जमली. नर्सबाई सायकल भिंतीला टेकवून एका बाजूला उभ्या राहिल्या. संसारीला झोळीत घातलं, समोरचं पारडं वर गेलं. मापाड्यानं वजनं चढवली. वीस, वीस, पाच, दोन, एक. काटा अजून बोकडाच्या बाजूला. अर्ध्या किलोचं वजन ठेवलं आणि काटा मधोमध स्थिर झाला. मी मनातल्या मनात बेरीज केली. साडेअठ्ठेचाळीस! आक्कानं दोन्ही हात छातीवर धरले.

मापाड्यानं मान कलती केली आणि बाजारात पुकारतो तसं पुकारलं, "साडेअठ्ठेचाळीस. माल ओला. दीड किलो कडता. सत्तेचाळीस."

आणि कोळसा उचलून भिंतीकडे वळला.

आक्का मटकन ओट्यावर बसली. तो सत्तेचाळीस लिहिणार, एवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "थांबा. दीड किलो कशाचा कापला?"

"ओला हाय. ओल्या मालाला कडता पडतो."

"बोकड म्हंजे काय कापूस हाय?"

"वीस वर्षं..."

"वीस वर्षं कापूस तोलला तुमी. कापूस पाणी पितो. बोकड पाणी पितो ते तोंडानं. त्याच्या केसाला दीड किलो पाणी लागतं का? मी बाळ जन्मल्या जन्मल्या तोलते, वल्लंगच्च असतं. दीड किलो कडता कापला तर अर्ध्या गावाची बाळं शिल्लकच ऱ्हायची न्हाईत!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मापाडी हसला नाही. त्याच्या मापावर पहिल्यांदाच कुणी हरकत घेतली होती, आणि तीही भर वस्तीत.

"मंग काय करू?" त्यानं विचारलं.

"पुसा अन् तोला."

आक्कानं घरातून स्वतःची जुनी लुगडी आणली. नर्सबाईंनी स्वतः गुडघ्यावर बसून संसारीला शिंगांपासून शेपटीपर्यंत कोरडं केलं. पुन्हा झोळी, पुन्हा वजनं. अर्ध्या किलोचं काढलं, पाव किलोचं ठेवलं. काटा उभा राहिला.

"सव्वा अठ्ठेचाळीस," मापाडी म्हणाला. ह्या वेळी तो पुकारला नाही, साध्या आवाजात बोलला.

नर्सबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या भिंतीपाशी गेल्या. "संसारीच्या ह्या आकड्यांजवळ थेंबासारखी खूण कशाची?" मी ती खूण पहिल्या दिवसापासून पाहत होते आणि पावसाचा डाग समजत होते. बी.एस्सी. झालेली मी!

"ओल्याची," मापाडी म्हणाला.

तेव्हा सगळा उलगडा झाला. संसारीला वासामुळं उघड्यावर झाडाखाली बांधत, तो पावसात भिजायचा. बैरागी छपरात कोरडा. पावसाळाभर दर आठवड्याला संसारीच्या वजनातून हा सवयीनं दीड-दीड किलो कापत आला होता, आणि बैराग्याच्या वजनातून काहीच नाही. बोकड घटत होता हे खरंच. पण नराच्या घाट्यातला चांगला हिस्सा मापाड्यानंच घातलेला होता.

त्यानं थेंबाच्या खुणांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "माप चुकलं."

तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. पण मापाड्याच्या तोंडून हे दोन शब्द म्हणजे काय, ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. एक म्हातारा शेतकरी खाली बघू लागला. मापाड्यानं आक्काच्या हातातलं ओलं लुगडं घेतलं आणि भिंतीवरचा डावा रकाना पुसून टाकला. उजवा तसाच ठेवला.

लग्न माघ महिन्यात करायचं ठरलं. पण पुढच्याच आठवड्यात बकरी ईदेसाठी एक ओळखीचे गिऱ्हाईक आले. त्यांनी दोन्ही बोकड पाहिले, संसारीच्या अंगावर हात फिरवून तो सोडून दिला आणि बैराग्यापाशी थांबले. छप्पन किलो, कोरडा, एक ग्रॅम कडता नाही. मांस कसं, अंगावर लोण्यासारखं. त्यांनी लगेच नेला. बैरागी जाता जाता तोंडातली पेंढी चघळतच गेला. मापाडी रिकामा दोर हातात घेऊन परत आला, ओट्यावर बसला. आक्का भाकरी थापत आतून म्हणाली, "बग. जन्मभर वजन राखलं. कुणासाठी राखलं रं त्यानं?"

रात्री जेवताना मापाडी म्हणाला, "आक्का, माघापस्तोर कामून थांबायचं? जल्दी उरकून घेऊ."

त्याच महिन्यात लग्न झालं. त्याच अंगणात. दोघांनी पांढरे कपडे घातले होते, वंदना झाली, आम्ही फुलं उधळली. अंबडच्या मास्तरांनी शुभेच्छांचं पत्र पाठवलं होतं. नर्सबाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, त्यामुळं मास्तरांचाही हिशेब फिटला. संसारीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. अर्धी त्यानं खाल्ली होती.

धाकटे, तुझ्या प्रयोगशाळेत विचार जरा, माश्या ओल्या तोलतात की कोरड्या.

जेवणं झाली आणि वस्तीतल्या ज्या ज्या पोरांना मापाड्यानं पारड्यात बसवलं होतं, ती सगळी त्याच्याभोवती जमली. "आता तुमी बसा!" त्यानं पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी चौघांनी उचलून त्याला पारड्यात बसवलं. तो उंच माणूस गुडघे हनुवटीला लावून, साखळ्या दोन्ही हातांनी धरून बसला. त्याला उचलणाऱ्यांतला एक म्हणाला, "अरे बापरे, जड हाय की!" मापाड्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला काय झालं कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले. सगळ्यांच्या समोर, घळघळ.

वजनं नर्सबाई चढवत होत्या. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी मान कलती केली, अगदी त्याच्यासारखी, आणि पुकारलं, "सत्तावन्न. माल ओला. दोन किलो कडता!"

अंगण हसून हसून आडवं झालं. पारड्यातून मापाडी नाक ओढत म्हणाला, "कडता कशाचा? पुसा अन् तोला."

नर्सबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि भर वस्तीसमोर त्याचं तोंड पुसलं. एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश. आक्का ओरडत होती, "अगं, आता वजन तर वाच!" पण काट्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.